आवडत्या रेकॉर्डमधला स्टीलचा आवाज हवा होता: एका अल्बमचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या बेरी हिल भागात जुन्या बैठ्या घरांमध्ये थाटलेले बरेच स्टुडिओ आहेत. त्यातल्या एका स्टुडिओत मी सहायक इंजिनियर असताना हे प्रकरण घडले. एक गायिका पदरचे पैसे घालून कंट्री गाण्यांचा अल्बम करत होती. गाणी तिचीच, आवाज खालच्या पट्टीचा आणि किंचित खरखरीत. निर्माता अनुभवी, पण त्याची बरीचशी वर्षे पॉप संगीतात गेलेली. पेडल स्टील गिटार वाजवणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, सेशनच्या कामात मुरलेले. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि गाण्यांचे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

वाद्याबद्दल थोडे सांगायला हवे. सुनील गांगुलींच्या गिटारवरच्या फिल्मी धून ऐकलेल्यांना हवाईयन गिटारचा आवाज ओळखीचा असतो. तारांवर पोलादी बार सरकवायचा आणि सूर घसटत न्यायचा. त्यात अडचण अशी की बार सरकला की सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल स्टीलमध्ये पायाने पेडल दाबले, किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलला, की ठरावीक एक-दोन तारांचाच सूर चढतो किंवा उतरतो आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. कॉर्ड वाजत असतानाच तिच्या पोटातला एक सूर मींड घेत दुसरीकडे जातो. वेब पिअर्सच्या १९५४ सालच्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्सने हे केले आणि नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवाल्याला तसेच वाजवायचे होते. आज बहुतेक जण वापरतात ती ई-नाइन ट्यूनिंगची दहा तारांची रचना त्याच वाटेने पुढे घडत गेली. डावा पाय पेडल्सवर, दोन्ही गुडघे लिव्हर्सवर आणि उजवा पाय अखंड व्हॉल्यूम पेडलवर. हा उजवा पाय पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अल्बममधल्या तीन गाण्यांत स्टील हवे होते. एक संथ, एक मध्यम लयीचे, एक उडते. गायिकेने सुरुवातीलाच तीन रेकॉर्डची यादी दिली होती आणि खाली लिहिले होते की स्टील असे वाजले पाहिजे. यादीत होते बक ओवेन्सचे ‘टुगेदर अगेन’ (१९६४, स्टीलवर टॉम ब्रमली), कॉनी स्मिथचे ‘वन्स अ डे’ (१९६४, वेल्डन मायरिक) आणि नील यंगचा ‘हार्वेस्ट’ (१९७२, बेन कीथ).

यादी वाचून स्टीलवादक हसले होते म्हणे. कारण हे तीन आवाज एकमेकांचे सख्खेच काय, चुलत भाऊसुद्धा लागत नाहीत. मायरिकचा आवाज चकचकीत आणि धारदार, गायिकेची ओळ संपली रे संपली की तो पुढे येऊन उत्तर देतो. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओ ‘बी’मध्ये झालेल्या त्या रेकॉर्डिंगने कॉनी स्मिथच्या गाण्यांना त्यांची ओळखच दिली. ब्रमलीचा सोलो रडवेला. पेडल इतके सावकाश दाबलेले की सूर चढताना वाटेतला प्रत्येक टप्पा कानाला लागतो. आणि बेन कीथ? तो जवळजवळ वाजवतच नाही. एक लांब सूर, मग पोकळी, मग पुन्हा एक सूर. असे वाजवायला वादकाला फार मोठा संयम लागतो, आणि असे वाजवणाऱ्याला पूर्ण मानधन देणारा निर्मातासुद्धा लागतो.

अडचण

स्टीलचे रेकॉर्डिंग पहिल्यांदा स्टुडिओत झालेच नाही. हल्ली रीतच तशी आहे. बाकीची वाद्ये भरून झाल्यावर गाण्यांच्या फाइल्स वादकांच्या घरी गेल्या. त्यांनी आपल्या खोलीत, ॲम्पशिवाय, थेट कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसमध्ये वाजवून ट्रॅक परत पाठवले. वाजवणे निर्दोष होते. तरी मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, बसल्यावर तिन्ही गाण्यांत स्टील टोचू लागले. संथ गाण्यात ते गायिकेच्या आवाजावर चढून बसत होते. आवाज कमी केला तर दिसेनासे होई, वाढवला तर बोचे. मध्यम लयीच्या गाण्यात तर निर्मात्याला ते चक्क कणसूर वाटत होते, पण ट्यूनर लावून पाहिले तर मूळ सूर काट्यावर.

गायिकेचे म्हणणे एकच: “टोन तो नाहीये.” निर्मात्याचा निष्कर्ष असा निघाला की वाद्यच चुकीचे आहे. वादकांची गिटार आधुनिक, हमबकर पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग). यादीतल्या रेकॉर्ड त्या जमान्यातल्या वाद्यांवर झालेल्या. तेव्हा जुनी एमन्स पुश-पुल आणा, असे त्याच्या डोक्यात बसले. एमन्स कंपनी सुरू झाली १९६० च्या दशकात आणि पुश-पुल हे तिच्या जुन्या यंत्रणेचे नाव. त्या गिटारचे भक्त सांगतात की तारेचा ताण थेट गिटारच्या अंगावर येऊन टेकतो, म्हणून आवाज असा भरदार. गंमत म्हणजे यादीतल्या दोन गाण्यांचा काळ पाहता त्या रेकॉर्डचे श्रेय या गिटारला देणे जरा ओढूनताणूनच होते. पण स्टुडिओत एखाद्याला वाद्याचे नाव सापडले की ते डोक्यातून काढणे कठीण.

शिल्लक पैसे एका सेशनपुरते होते. नॅशव्हिलमध्ये सेशन म्हणजे तीन तास.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय फुकटाचा. घरून आलेला कोरा सिग्नल स्टुडिओतल्या ॲम्पमधून पुन्हा वाजवायचा आणि माइकने टिपायचा. यालाच रीॲम्पिंग म्हणतात. स्टीलमध्ये व्हॉल्यूम पेडल ॲम्पच्या आधी येत असल्याने पायाची सगळी हालचाल कोऱ्या सिग्नलमध्ये आधीच उतरलेली असते, म्हणून हे बऱ्यापैकी जमते.

दुसरा, पुश-पुल भाड्याने आणून तिन्ही गाणी पुन्हा वाजवायची. इथे वादकांनी शांतपणे एक अडचण मांडली. दुसऱ्याच्या स्टीलवर बसणे म्हणजे नुसते दुसऱ्याचे वाद्य हातात घेणे नव्हे. पेडल किती खोल जाते, गुडघ्याचा लिव्हर कुठे लागतो, किती जोर लागतो, हे सगळे अंगवळणी पडलेले असते. त्यात पुश-पुल जुळवायला किचकट. तीन तासांतला एक तास तिच्यातच जाईल.

तिसरा पर्याय होता वादकांनी आपलीच गिटार घेऊन स्टुडिओत यायचे, पण आधी गाण्यांमधली जागा मोकळी करायची. हा मिक्स इंजिनियरचा. त्याने निर्मात्यासमोर सरळ गणित मांडले. संथ गाण्यात दोन अकूस्टिक गिटार, एक इलेक्ट्रिक, पियानो आणि वर कीबोर्डचा पॅड (मागे धरून ठेवलेले लांब सूर), एवढे सगळे स्टीलच्या आधीच बसलेले. खालच्या पट्टीतला गायिकेचा आवाज आणि स्टीलच्या मधल्या तारा एकाच पट्ट्यात येतात. त्या गर्दीत ब्रमली स्वतः येऊन बसला असता तरी टोचलाच असता.

चौथा पर्याय, आहे तसे सोडून देणे, फारसा कुणी बोलून दाखवला नाही. पण अल्बमची तारीख जवळ आली की तो खोलीत येऊन बसतोच.

काय केले आणि का

आधी रीॲम्पिंग. फेंडर ट्विन रिव्हर्ब, समोर एक डायनॅमिक माइक आणि खोलीत जरा लांब एक रिबन माइक. आवाजाची टोके बोथट झाली, थोडी हवा आली. पण संथ गाण्यात एक नवीच भानगड उघडी पडली. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम गुंज, चढवला की स्टीलचा चिखल होई. सूर एकमेकांत मिसळून जात.

याचे कारण समजले तो माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण. स्टीलची तार छेडल्यावर विरत जाते आणि वादक ती विरू लागली की उजव्या पायाने पेडल हळूहळू पुढे ढकलत सूर धरून ठेवतो. पाय किती ढकलायचा हे तो ऐकून ठरवतो. घरी हेडफोनमध्ये त्यांना स्टील अगदी कोरडे ऐकू येत होते, मागे कसलीच गुंज नव्हती. मग पायानेच ती पोकळी भरून काढली होती. प्रत्येक सूर शेवटपर्यंत ताणलेला. त्यावर आम्ही वरून रिव्हर्ब ओतत होतो, म्हणजे गुंजेवर गुंज. हे इक्वलायझरने सुधारणारे नव्हते, कारण बिघाड तारेच्या आवाजात नव्हताच, तो पायाच्या निर्णयात होता. आणि तो निर्णय त्या हेडफोनमधल्या आवाजासाठी अगदी बरोबर होता.

इथे तिसरा पर्याय ठरला. निर्माता नाखूश होता, पण वादकांनी त्याला हवे ते थोडेसे दिले. ते म्हणाले, “गिटार माझीच आणतो, पण पेडल जुने आणतो.” त्यांचे रोजचे व्हॉल्यूम पेडल इलेक्ट्रॉनिक बफरचे, म्हणजे पाय कुठेही असला तरी वरचे सूर तसेच लख्ख. जुन्या, साध्या फिरत्या बटणाच्या (पॉटच्या) पेडलमध्ये पाय मागे घेतला की केबलच्या ओढीने वरची धार जराशी मरते. बहुतेक जण याला दोष मानतात. पण जुन्या रेकॉर्डमध्ये स्टील आत येताना जे मऊ वाटते, त्यातला काही भाग या दोषाचा असावा असे त्यांचे मत, आणि ऐकल्यावर मलाही पटले.

सेशनच्या आधी निर्मात्याने एक चांगले काम केले. गायिकेला समोर बसवून यादीतली तिन्ही रेकॉर्ड मोठ्या स्पीकरवर लावली आणि नेमके कुठे आवडते तिथे हात वर करायला सांगितले. ‘टुगेदर अगेन’मध्ये तिने सोलोला हात वर केला, जिथे कुणी गात नाही. ‘हार्वेस्ट’मधल्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’मध्ये तिचा हात वर गेला तो स्टीलचा एकच लांब सूर मागून उगवतो तिथे. ‘वन्स अ डे’मध्ये ओळींच्या मधल्या जागांना. म्हणजे प्रत्येक वेळी स्टील एकटे होते, किंवा जवळजवळ एकटे. निर्मात्याने त्याच रात्री संथ गाण्यातून एक अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक गिटार काढून टाकली. पियानो फक्त ध्रुवपदापुरता ठेवला.

सेशनमध्ये संथ गाणे लवकर झाले. वादकांना हेडफोनमध्ये भरपूर प्लेट रिव्हर्ब (रिव्हर्बचाच एक प्रकार) दिला आणि गायिकेचा आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला. त्यांचा पाय लगेच बदललेला दिसला. सूर सोडून देऊ लागले. कडव्यात ते वरच्या फ्रेट्सवर गेले, गायिकेच्या आवाजाच्या डोक्यावरून, आणि वाजवलेही पहिल्यापेक्षा कितीतरी कमी.

मग मध्यम लयीचे गाणे, ज्यात कणसूरपणाची तक्रार होती. गाणे ई मेजरमध्ये. वादक बार न लावता तिसरी, चौथी आणि पाचवी तार छेडत बसले: जी शार्प, ई, बी. एकट्याने वाजवले तर इतके गोड की निर्माताही मान डोलावू लागला. मागे ट्रॅक सुरू केला की तेच आंबट. वादक म्हणाले, “माझा सूर आंबट नाही. तुमचा पॅड तीव्र आहे.”

त्यांचे खरे होते. स्टीलवाले कॉर्डमधल्या तिसऱ्या सुराची (इथे जी शार्प, म्हणजेच गंधार) तार कानाने लावतात, कॉर्डमधले हेलकावे थांबेपर्यंत उतरवत. असा शुद्ध सूर कीबोर्डच्या सुरापेक्षा सुमारे १४ सेंट खाली येतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे १०० सेंट). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार आणि हार्मोनियमच्या पट्टीचा गंधार यांच्यातले भांडण ज्यांना ठाऊक आहे (आकाशवाणीने १९४० पासून काही दशके हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले त्यामागे हेही एक कारण होते), त्यांना इथे वेगळे काही सांगायला नको. कीबोर्डची जी शार्प ४१५ हर्ट्झच्या आसपास, वादकांची ४१२ च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजल्या की सेकंदाला तीनेक हेलकावे. बार हलवून व्हायब्रेटो दिला की ते झाकले जातात. पण या गाण्यातले लांब, स्थिर सूर उघडे पडत होते. मिक्स इंजिनियरने पॅडचा ट्रॅक एकटा लावून ऐकवला तेव्हा दिसले की कीबोर्डवाल्याने सवयीने गंधार दोन सप्तकांत धरून ठेवला होता.

दोन वाटा होत्या. वादक तार थोडी चढवून मध्यावर आणायला तयार होते. कीबोर्डबरोबर काम करताना ते करतातच. पण तसे केल्यावर स्टीलच्या एकट्या कॉर्डमधला गोडवा उतरला, आणि तोच तर विकत घेतलेला माल. दुसरी वाट म्हणजे पॅडमधला गंधार काढायचा आणि षड्ज-पंचम ठेवायचे. निर्मात्याने दुसरी निवडली. पॅड मिडीवर, म्हणजे सुरांची नोंद बदलता येईल अशा रूपात, होता म्हणून ते दोन मिनिटांचे काम झाले. ऑडिओत असता तर पॅड पूर्ण काढावा लागला असता.

तिसऱ्या, उडत्या गाण्यापर्यंत वेळ संपत आली होती. घाईघाईत एक टेक झाला.

निष्पत्ती

संथ गाण्यात नवे स्टील गेले आणि ते या अल्बममधले सगळ्यात चांगले वाजवणे आहे. मध्यम लयीच्या गाण्यात मात्र नवा टेक वापरलाच नाही. पॅडमधला गंधार निघाल्यावर घरून आलेलाच ट्रॅक, ट्विनमधून रीॲम्प केलेला, सरस ठरला. त्यात एक अशी मींड होती जी वादकांना स्टुडिओत पुन्हा तशी जमली नाही. आणि उडत्या गाण्यात? तिथे गायिकेने सगळे ऐकून अखेर पहिला कोरा, चकचकीत, ॲम्पशिवायचा ट्रॅकच निवडला. तोच आवाज तिला टोचत होता. पण निर्मात्याने इतर गाण्यांच्या अनुभवावरून त्या गाण्याच्या कडव्यांत स्टीलला नुसते ओळींच्या मधे ठेवले, गायिका गाताना गप्प केले, आणि लगेच ती म्हणाली की हे ‘वन्स अ डे’सारखे वाटते.

ज्या तीन आवाजांची मागणी होती त्यातला एकही हुबेहूब आला नाही. संथ गाण्याबद्दल गायिका आजही म्हणते की ब्रमली तो ब्रमलीच. ते मान्य करण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

वेगळे काय करता आले असते

हात वर करायला सांगण्याचा तो प्रकार पहिल्या बैठकीत व्हायला हवा होता. ‘टोन’ हा शब्द गायिकेने वापरला आणि निर्मात्याने तो लाकूड, पिकअप आणि यंत्रणा असा ऐकला. तिला मात्र भोवतालची शांतता म्हणायची होती. गाण्यागणिक एकच रेकॉर्ड ठरवली असती तर तीन परस्परविरोधी नमुने एकाच माणसाच्या डोक्यावर आले नसते.

घरून ट्रॅक मागवण्यात गैर काही नाही. त्याबरोबर रिव्हर्बसह हेडफोन मिक्स पाठवायला हवा होता, किंवा निदान एवढा निरोप की मिक्समध्ये लांब प्लेट लागणार आहे. पाय त्याप्रमाणे चालला असता. कीबोर्डचा पॅडही स्टीलनंतर भरायला हवा होता. आता त्या स्टुडिओत स्टीलच्या गाण्यांत कीबोर्डवाल्याला आधीच सांगतात की गंधार सोड, आणि तो दर वेळी कुरकुरतो.

सेशनच्या तीन तासांची वाटणीही चुकलीच. उडत्या गाण्याच्या टेकची गरज नव्हती हे आधी एकदा जागा मोकळी करून ऐकले असते तर कळले असते. तो वेळ संथ गाण्याच्या सोलोला मिळाला असता, जो मला अजूनही एका टेकने कमी वाटतो.

पुश-पुलचा प्रश्न तसाच राहिला. निर्माता म्हणतो, त्या गिटारने फरक पडला असता. इंजिनियर म्हणतो, दहा टक्के. वादकांकडे स्वतःची पुश-पुल पूर्वी होती आणि त्यांनी ती विकली, एवढेच ते सांगतात. गायिकेच्या पुढच्या अल्बमची बोलणी सुरू आहेत आणि त्यासाठी पहिल्याच सेशनला ती गिटार भाड्याने आणायची असे निर्मात्याने ठरवून टाकले आहे. वादकांनी होकार दिला, अट एकच: गिटार आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी पोचली पाहिजे.